डावा कौल

डिचोली, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

अक्षर ओळखलंस तर ठीक, नाही ओळखलंस तर खाली सही आहे. बावीस वर्षांनी लिहितोय. नमस्कार कसा घालावा यावरच दोन कागद फुकट गेले, तेव्हा तो इथेच, उभ्याउभ्या घालतो.

तुझा पत्ता सुदेशने दिला. नार्व्याचा टेम्पोवाला, माझं जुनं गिऱ्हाईक. आईवडलांना घेऊन काशीला जाऊन आला. मी गाडीखाली, तो बाहेर पायांवर बसलेला, अशी आमची गजाल चालली होती. म्हणाला, "आमी रावलीं थंय धर्मशाळेंत एक मनीस आसा, आमच्याच वाठारांतलो. गोंयचें कोण आयलें की विचारता, पेडण्याचे काय? आनी हांसता तो नाकांतल्यान." मी पाना खाली ठेवला. नाकातून हसणारे पेडण्यात पुष्कळ असतील. पण सुदेश पुढे म्हणाला, "भात वाडटना म्हणटा, वायच रव, कडी येता." मग मी गाडीखालून बाहेर आलो.

आधी सांगायचं ते सांगतो. आई गेली. २०११ च्या मार्गशीर्षात. कळवायला पत्ता नव्हता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. शेवटच्या दिवसांत ती मला दत्ताराम म्हणून हाक मारायची आणि मी ओ द्यायचो. वेळ जायचा तिचा.

माझं बरं चाललंय. ज्या गॅरेजात मी गाड्या धूत होतो ते माझं झालं. मायनिंग बंद पडलं तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, तर मी टुरिस्ट बसेस धरल्या. लोक अजून म्हणतात, किस्नाथाला गाडी दाखवायची गरज नाही, नुसती चालू करून फोनवर ऐकवा. खोटं नाही ते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि एक कानाला लावलं की कुठल्या बेअरिंगचं काय दुखतंय ते मला कळतं. माणसांचं थोडं उशिरा कळतं.

लग्न विनोदिनीशीच झालं, तू गेल्यावर पाच महिन्यांनी. एक मुलगी, समीक्षा, वीस वर्षांची. इतिहास घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. हे पत्र तिच्यामुळे. तिच्या कॉलेजची सहल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काशीला येतेय, चार दिवस. विनोदिनी म्हणाली, पोर इतक्या लांब जाते, गावच्या देवाला कौल लावून मगच पाठवायची. समीक्षा म्हणाली, "पप्पा, देवाच्या अंगावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर घरी बसायचं. त्यापेक्षा रेल्वेचं टाइमटेबल बघितलेलं बरं." पण आईपुढे तिचं चालत नाही, माझंही नाही. मी रवळनाथाकडे जाऊन आलो आणि घरी सांगितलं, उजवा दिला.

तर ती येतेय. जमलं तर लांबून बघ. समोर आलीच तर बोल, पण जुनं काही काढू नकोस. घर का सोडलं विचारलं तर सांग, देवाच्या मनात होतं म्हणून आलो. ते काही अगदीच खोटं नाही.

कृष्णनाथ

डिचोली, २१ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्र तुला सतरा तारखेला मिळालं, पोस्टाने तसं फोनवर दाखवलं. उत्तर नाही. तू उत्तर द्यावंस असं मी लिहिलंही नव्हतं म्हणा. तरी रोज अकराच्या सुमारास रस्त्यावर पोस्टमनची स्कूटर वाजते आणि हातातलं काम थांबतं. परवा एका बसचे टॅपेट मी दोनदा चुकीचे लावले. गॅरेजातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

समीक्षाला तुझा पत्ता सापडला. माझ्या पाकिटात होता, तिने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आणि मग मला सांगितलं. आता रोज जेवताना विचारते, काका का गेले. मी एकदा म्हटलं वैराग्य आलं, एकदा म्हटलं आईशी बिनसलं. तिसऱ्यांदा काय म्हटलं ते मलाच आठवत नाही. ती म्हणते, "पप्पा, एका घटनेची तीन कारणं, तिन्हीला साधन एकच, तेही तुम्ही. आमच्या मॅडम नापास करतील."

शेवटी विनोदिनीने सांगितलं, तिला माहीत होतं तेवढं. की आपल्या शेजारच्या घरात रुक्मिणी होती, नार्व्याची लेक, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेलेला. की तुला तिच्याशी लग्न करायचं होतं. आई म्हणाली, देव देईल तर मी आड येणार नाही. कौल लावला, डावी पाकळी पडली. रुक्मिणी माहेरी गेली, आणि पंधरा दिवसांत तू.

समीक्षाने ताटातला हात थांबवला. "एका पाकळीवर?"

"त्या काळात तसंच आशिल्लें," विनोदिनी म्हणाली.

"त्या काळात म्हणजे दोन हजार तीनमध्ये, आई. मोबाइल होते तेव्हा."

मी उठून हात धुवायला गेलो. बराच वेळ धुतले.

दादा, आता मला वाटतं तू तिला भेटूच नयेस. चार दिवस कुठेतरी जा. मी तिला सांगतो, सुदेशचा काहीतरी घोटाळा झाला. माझं ऐक.

आणि मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली. मी कौल लावला नाही. देवळात गेलो होतो, तेवढं खरं. महादेव गुरव जाऊन दहा वर्षं झाली, आता त्याचा मुलगा असतो. त्याने तबक पुढे केलं, म्हणाला, "पाकळ्यो तुमीच काडून दियात, किस्नाथबाब." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, चप्पल बाहेर राहिली, कुत्रा नेईल. आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. अर्ध्या तासाने घरी गेलो आणि उजवा दिला म्हणून सांगितलं.

असं का केलं ते विचारू नकोस. नाही, विचार. पण पत्राने नको.

कृष्णनाथ

वास्को स्टेशन, ३ डिसेंबर २०२५

दादा,

पाटण्याची गाडी संध्याकाळी सातची आहे. आम्ही पावणेपाचलाच पोचलो, घाई माझी. मुली सामानावर बसून फोटो काढतायत, त्यांच्या मॅडम तिसऱ्यांदा डोकी मोजतायत. मी चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसून गॅरेजच्या कागदावर लिहितोय. वर टायर आणि पान्याचं चित्र आहे त्याकडे लक्ष देऊ नकोस.

समीक्षा तुला भेटणारच. मी तू तिथे नाहीस असं सांगून बघितलं, ती म्हणाली, "मग धर्मशाळा तरी बघून येते." ही पोर कोणावर गेलीय कळत नाही. तेव्हा हे पत्र तिच्या हाती देतोय, पाकीट चिकटवून. पोस्टात टाकलं असतं तर पेटीपाशी उभा राहून मी पोस्टमनकडे परत मागितलं असतं. पोरीकडे परत मागायला तोंड नाही.

तुझा कौल लावला त्या रविवारी मी डिचोलीहून थेट देवळात आलो होतो. सकाळी एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला होता. रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, पण नखांत राहतं ते राहतंच. महादेवची नजर तेव्हाच अधू होती. मला म्हणाला, "कृष्णनाथा, पिटकोळीच्या फुलाच्यो दोन पाकळ्यो सोडव रे, माका दिसणत नाय." मी सोडवल्या. डावीकडची दिली, त्याने पाण्यात बुडवून देवाला लावली. उजवीकडची देताना तिच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा काळा डाग दिसला.

ग्रीस. पाणी सुकलं की पाकळी सुटते. ग्रीस सुकत नाही, ते धरून ठेवतं. त्या देवळात तीस माणसं होती, आणि हे त्यांच्यात नक्की ठाऊक असलेला मी एकटा.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात महादेवने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या थोरल्या झिलाच्या मनात रुक्मिणीक घरात हाडूचा आसा, तुझी मर्जी आसात तर उजवी दी म्हाराजा." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. माझं तोंड उघडंच होतं. मीही म्हणालो.

त्याच्या दोन दिवस आधी विनोदिनीच्या वडलांनी मला डिचोलीच्या बाजारात गाठलं होतं. केळी निवडत, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "तुमच्या घरांत थोरलो विधवा हाडटा काय कितें? म्हणजे आमकां परत विचार करूंक जाय." हे मी कोणाला सांगितलं नाही. विनोदिनीलाही नाही.

डाग मी मुद्दाम लावला नाही. तेवढं तू मान. पण तो दिसल्यावर पुसलाही नाही, आणि डावी पडली. हेच मला बावीस वर्षं कोणाला सांगता आलेलं नाही, की मला बरं वाटलं.

तेव्हा कोणीतरी म्हणालंसुद्धा, शंका असेल तर फिरून लावूया, रीत आहे. तू हात जोडलेस आणि म्हणालास, "दिलान ता घेतलंय." मी तुझ्याकडे बघितलं नाही.

गाडी लागतेय. समीक्षा हाका मारतेय.

वाचून झाल्यावर पोरीवर राग काढू नकोस. ती फक्त पोचवणारी आहे.

कृष्णनाथ

डिचोली, ६ डिसेंबर २०२५

दादा,

हे पत्र पोचेल तेव्हा समीक्षा परत आलेली असेल, मग लिहितोय कशाला ते मलाही नीट सांगता येणार नाही. हाताला दुसरं काम सुचत नाही. सकाळी एका बसचं चांगलं चालणारं इंजिन मी उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, हिका कायच जावंक ना." म्हटलं, होईल, आधी बघितलेलं बरं.

दुपारी समीक्षाला फोन केला.

"खंय गो तू?"

"घाटावर. मैत्रिणींबरोबर."

मैत्रिणी एवढ्या गप्प नसतात. मी ऐकत राहिलो. जवळून एक होडी गेली, एका सिलिंडरचं इंजिन, नोझल गेलेलं, मालकाला पत्ता नाही. घंटा वाजली. कोणीतरी चिल्लर मागत होतं. आणि त्या सगळ्याच्या मागून, अगदी हळू, "वायच सरक गो, तोंडार ऊन येता तुझ्या."

दादा, तुझा आवाज जाडा झालाय. पण 'सरक' म्हणताना 'र' तसाच गिळतोस.

मग कागद फाटल्याचा आवाज आला. पाकीट बाजूने फाडतात तसा, लांब. मी फोन बंद केला.

विनोदिनी दारात भाजी निवडत होती. "रेंज गेली?"

"होय," म्हटलं. घरातून बाहेर गेलो, बाहेरून आत आलो. पंखा लावला, बंद केला. पुन्हा लावला.

"तुमकां आयज कितें जालां?"

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. तिच्या वडलांची केळीसुद्धा. तुझ्याआधी तिला सांगायला हवं होतं, हे सांगताना कळलं. ती मुळ्याची पानं खुडत होती, ती खुडतच राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "म्हणजे म्हज्या लग्नाचोय कौल तोच."

मी म्हटलं, "आपलं चांगलंच झालं ना पण."

"चांगलें जालें," ती म्हणाली. "तें हांव ना म्हणना." आणि भाजी घेऊन आत गेली. संध्याकाळचा चहा तिने टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. कप ठेवल्याचा आवाज कधी नव्हे इतका सावकाश होता. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

तू वाचलंस. आता सहा तास होत आले. तुझ्या धर्मशाळेत फोन असणार, पोरीकडे तर आहेच. शिवी द्यायला एक मिनिट पुरतं. मी फोन खिशात ठेवत नाही, समोर बाकड्यावर ठेवतो, म्हणजे पहिल्या रिंगला उचलता येईल.

कृष्णनाथ

डिचोली, १० डिसेंबर २०२५

दादा,

काल दुपारी मोपाला तिला आणायला गेलो. विमानतळावर गाडीत बसली आणि म्हणाली, "पप्पा, गाडी लगेच चालू करू नका. चालवताना ऐकण्यासारखं नाहीये."

तिने सांगितलं ते तुलाच परत लिहितोय. तूच बोललेला आहेस, पण तिच्या तोंडून माझ्या कानापर्यंत येताना काही सांडलं असेल तर बघ.

तू पत्र दोनदा वाचलंस म्हणे. मग नाकातून हसलास. मग तिला म्हणालास, "तुझ्या बापाशीक वाटता, देवळात डोळे फक्त तेचेच उघडे होते."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"काळो डाग मी बघलंय गो. पाकळी लावल्याबरोबर. परत लाव म्हणान तोंडात इला होता. बोलाक नाय."

"का नाही बोललात?"

"भियालंय."

समीक्षाला वाटलं गावाला, नाहीतर आईला. तू म्हणालास, आईला काय भ्यायचं, ती दोन महिने रुसली असती आणि नातवंड झाल्यावर हसली असती. "रुक्मिणीक भियालंय. कुंपणाच्या ह्या बाजूक उभो रवान बोलणा वेगळा. ती घरात इली असती म्हणजे रोज खराच बोलाचा लागला असता. माका वाटला, आपणाक जमाचा नाय. आणि तितक्यात देवानच नाय म्हटल्यान. बरा झाला, म्हटलंय मनात."

एवढं सांगून समीक्षा बाटलीतलं पाणी प्यायली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारत होता.

दादा, मला राग आला. तुला वाटेल, याचं ओझं उतरलं, हा सुटला. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण तुला बरं वाटलं, मला बरं वाटलं, दोघांनी देवळात एकमेकांकडे बघितलं नाही, आणि तू काशीला जाऊन बावीस वर्षं लोकांना भात वाढलास. मी समजत होतो तुझं आयुष्य मी मोडलं. तू तर ते माझ्या अंगठ्याआड लपवून पळालास. आईच्या वर्षश्राद्धाला मी तुझ्या नावाने माफी मागितली होती. ती मी परत घेतो. थोडी ठेवतो, अर्धी.

समीक्षाने तुला घरी चल म्हटलं, तू म्हणालास, आता कोणाला तोंड दाखवू. हे ऐकून मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं."

पोरीने माझ्याकडे बघितलं. "पप्पा, तुमचं झालं. काकांचं झालं. दोन साधनं झाली. तिसरं कुठाय?"

"कसलं तिसरं?"

"रुक्मिणी. तिला कोणी सांगितलं?"

मी गाडी चालू केली.  कोलवाळच्या पुलावर ती म्हणाली, "कुठे असते ती, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

माहीत आहे, दादा. कायम माहीत होतं. सुदेशच्या घरापासून चौथं घर. अंगणवाडीत शिकवते, दुपारनंतर नदीकाठी भाजी करते. लग्न केलं नाही. नार्व्याला सप्तकोटेश्वराला आम्ही दरवर्षी जातो, आणि दरवर्षी देवळातून निघालो की मी उजवीकडच्या पायवाटेकडे न बघता गाडी काढतो.

तू मला सांग, मी जाऊ का? की नको जाऊ? जाऊन सांगणार काय, की आम्ही दोघे भाऊ तुला भ्यालो, वेगवेगळ्या कारणांनी?

तुझं उत्तर येईपर्यंत थांबेन असं लिहिणार होतो. तू उत्तर देत नाहीस.

कृष्णनाथ

डिचोली, १४ डिसेंबर २०२५

दादा,

आज सकाळी जाऊन आलो. रविवार, अंगणवाडीला सुट्टी, म्हणून ती शेतातच होती. एकटाच गेलो. समीक्षा येते म्हणाली होती, विनोदिनीने तिला थांबवलं. मला म्हणाली, "तुमीच वचात. आनी चाबी इंजिनाक लावन दवरूं नाकात, पळून येतले." आठ दिवसांनी एवढं लांब वाक्य बोलली, मी ते जपून घेऊन गेलो.

रुक्मिणी तांबड्या भाजीच्या वाफ्यात बसून जुड्या बांधत होती. केस पांढरे झालेत, पाठ ताठ आहे. तिला काय हाक मारावी ते कळेना. वहिनी म्हणायची संधी आपण दिली नाही, नावाने हाक मारायला धाडस नाही. मी नुसता खाकरलो.

तिने वर बघितलं. डोळ्यांवर हात धरला. "किस्नाथ मरे तूं? पोट आयलें तुका."

"आयलें," म्हटलं.

"बस. थंय नाका, थंय मुंयो आसात."

मी मुंग्यांपासून बाजूला सरकलो, पण बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, ग्रीसपासून घाटापर्यंत. तुझं भ्यालो म्हणणं सांगू की नको असं झालं, पण एकदा बोलायला लागलो आणि तेही आलं. मी बोलत होतो तोवर तिने सहा जुड्या बांधल्या. एकही सैल नव्हती, बघत होतो मी.

"सोंपलें?"

"सोंपलें."

"तुमी दोगूय भाव वडले शाणे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग ओळखतो मी. तो नव्हता म्हणूनच जास्त कठीण गेलं. "दत्ताराम कुंपणाकडेन येवन उबो रावतालो. पावसाचें उलयतालो, म्हशीचें उलयतालो. एक दीस म्हाका शेजाऱ्यांनी सांगलें, देवळांत तुजो कौल लायला. कसलो कौल, म्हणलें हांवें. लग्नाचो, म्हणटात. कोणाच्या लग्नाचो? तुज्या."

तिने हातावरची माती झटकली.

"देवाक विचारलें. तुज्या आवयक विचारलें. गांवांतल्या तीस दादल्यांनी व्हय म्हाराजा म्हणलें. म्हाका कोणेंच विचारूंक ना."

दादा, माझ्या कानांचं मी एवढं सांगत असतो. हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. बावीस वर्षं मी एकाच पाकळीभोवती फिरत होतो, उजवी की डावी. तिला मुळात कोणी विचारलं होतं का, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नव्हता. तुझ्या आला होता का? तिच्या म्हणण्याप्रमाणे नाही.

नदीवरून वारा येत होता. मी म्हटलं, "आनी विचारिल्लें जाल्यार?"

तिने सातवी जुडी बांधली, टोकं दातांनी तोडली. "तें तुका कित्याक सांगूं?"

"ना, सहज…"

"सहज कितें? तुवें विचारपाचें न्हय तें." मग दोन जुड्या माझ्या हातात दिल्या, विनोदिनीसाठी म्हणून. मी पायवाटेला लागलो तेव्हा मागून म्हणाली, "किस्नाथा, ताका सांग. पत्र बरोवन विचारीत जाल्यार जाप मेळची ना."

हा निरोप. जसाच्या तसा दिला, त्यात माझा एक शब्द नाही. समोर येऊन विचारलंस तर ती उत्तरात हो म्हणेल की हाकलून देईल मला माहीत नाही. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, आणि मी अंदाज करायचा नाही असं ठरवलंय. तुला काय वाटतं, तू यावंस का, हेही विचारत नाही. आपल्या दोघांच्या वाटण्यावर पुष्कळ झालं.

घरी आलो. विनोदिनीने जुड्या हातातून घेतल्या, म्हणाली, "ताजी आसा." मग चहा केला.

एवढंच कळवतो. ती सकाळी अंगणवाडीत असते, तीननंतर शेतात. पाऊस असला तर घरी, पण आता पाऊस नाही. मोपाला उतरलास की बाहेर टॅक्सी मिळते, नार्वे सांगायचं. वाटेत डिचोली लागेल.

थांबू नकोस.

कृष्णनाथ